आरव्ही (राहण्याची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन ग्रेसलँडला पहिल्यांदाच जाताय?

बेत झकास आहे, जरूर जा. ग्रेसलँड म्हणजे अमेरिकेतल्या मेम्फिसमधलं गायक एल्विस प्रेस्लीचं घर. त्याच्या जवळच ग्रेसलँडचा आरव्ही पार्क, म्हणजे अशा गाड्या लावून मुक्काम करायची जागा आहे. जागा आधीच बुक करा, म्हणजे पार्किंगची कटकट मिटली.

नवखे हमखास इथे चुकतात:
- तिकीट आयत्या वेळी काढतात. टूरला वेळ ठरवून दिलेली असते, ऑनलाइनच काढा.
- गाडी थेट दारात न्यायला बघतात. रस्त्यापलीकडून शटल बसनेच जायचं.
- वरच्या मजल्याची आशा धरतात. तो बंदच असतो.

घरातल्या ‘जंगल रूम’ या खोलीत मात्र रेंगाळा. लांब धाग्यांचा हिरवा गालिचा खाली आहेच, वर छतालाही! १९७६ मध्ये एल्विसने याच खोलीत गाणी रेकॉर्ड केली. एल्विसची विमानं, मोटारी वगैरे वेळ उरला तर.