आजोबांची मुदगलाची जोडी फिरवायची की शोकेसमध्ये ठेवायची?

तुम्ही लिहिलंय की गावच्या घराच्या माळ्यावर आजोबांची मुदगलाची, म्हणजे व्यायामासाठी फिरवायच्या लाकडी गदेसारख्या वजनांची, जोडी सापडली, एकेक मुदगल आठ किलोच्या आसपास भरतो. तुम्हाला ती रोज फिरवायची आहे आणि घरचे म्हणतात, आठवण आहे, छान पॉलिश करून हॉलमध्ये मांडू. माझं मत विचाराल तर फिरवा. आणि पॉलिश मात्र अजिबात करू नका, मग ती फिरवा किंवा मांडा.

आजोबांची बॅट असती तर मी उलट सांगितलं असतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं विलो कोरडं पडतं. लेदरच्या बॉलवर चार कडक फटके मारले की कडेचा टवका उडतो, मग कितीही तेल पाजा. तशी बॅट भिंतीवरच बरी. मुदगलाचं तसं नाही, कारण मुदगल कशावर आदळतच नाही. तो हवेत फिरतो. झिजते ती फक्त मूठ, तीही तळहातानं, आणि वर्षानुवर्षं फिरवल्यावर कुठे ते जाणवतं. ती झीज म्हणजेच तर आजोबा आहेत!

हे मी इतक्या ठामपणे सांगतो, कारण माझ्या हातून चूक झाली आहे. माझ्या आजोबांची जोडी मी एका पॉलिशवाल्याकडे दिली होती. त्याला एवढंच म्हणालो, "जरा स्वच्छ करून द्या." संध्याकाळी गेलो तर एक मुदगल पॉलिश पेपरनं घासून, वॉर्निश मारून, चकचकीत वाळत ठेवलेला. दुसऱ्याला अजून हात लावलेला नव्हता, तो तसाच उचलून घरी आणला. त्या दुसऱ्याची मूठ काळसर आहे, घामानं आणि तांबड्या मातीनं मुरलेली, आणि करंगळी बसते तिथे किंचित खोलगट. अंधारात धरला तरी कळतं की बोटं कुठे ठेवायची. पहिल्याची मूठ गुळगुळीत, कुणाचीच नाही. त्या दिवशी मी घरी कुणाशी बोललो नाही.

आता तुमची जोडी. फिरवण्याआधी ती नीट तपासा. वर्तमानपत्रावर उभी करून हलकेच ठोका आणि आठ-दहा दिवस तशीच राहू द्या. त्या दिवसांत खाली पिठासारखा बारीक भुसा पडत राहिला तर आत लाकूड पोखरणारा भुंगा जिवंत असण्याची शक्यता आहे. भोकं नुसती दिसली म्हणून घाबरू नका. जुन्या भोकांची कड काळी पडलेली असते, ताज्याची आतून फिकट लाकूड दाखवते. भुंगा असेल तर आधी पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा आणि तोवर घरातल्या लाकडी सामानापासून लांब ठेवा.

दुसरं म्हणजे मान, मूठ जिथे खालच्या जाड अंगाला मिळते ती जागा. ओल्या फडक्यानं पुसा आणि उजेडात धरा. बाकीचं लाकूड सुकतं, चिरेत मात्र पाण्याची काळी रेघ थोडा वेळ राहते. जाड अंगात लाकडाच्या रेषांच्या दिशेनं गेलेली केसाएवढी चीर चालते. मानेत चीर दिसली, त्यातही आडवी, तर तो मुदगल फिरवायचा नाही, कितीही जीव असला तरी. डोक्यामागून येताना मूठ तुटली तर ते लाकूड कुणाच्या अंगावर जाईल, सांगता येत नाही. असा मुदगल खुशाल हॉलमध्ये मांडा आणि त्याच मापाचा नवा कातारी काम करणाऱ्याकडून कातून घ्या.

लाकूड फार कोरडं वाटलं तर कच्च्या जवसाच्या तेलाचे थोडे थेंब अंगावर चोळा, दोन दिवस मुरू द्या, जादा पुसून टाका. मुठीला तेल लावू नका, हातातून सटकेल. आणि ते तेलकट फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं, चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मोकळं पसरून उघड्यावर वाळवा, मग टाका.

व्हिडिओ बघून सुरुवात करणार असाल तर एक लक्षात ठेवा. आपले मुदगल इंग्रजांनी इंडियन क्लब म्हणून युरोपात नेले, तिकडे ते हलके झाले, कवायतीचे झाले. 1904 आणि 1932 च्या ऑलिंपिकमध्ये क्लब फिरवण्याची स्पर्धासुद्धा होती. मनगटावर गरगर फिरवतात ते हे हलके क्लब. तुमच्या आजोबांचे तालमीतले आहेत, ते खांद्यानं आणि पाठीनं फिरवायचे. काट्यावर आठ किलो असलं तरी पाठीमागून झोल घेऊन वर येताना खांद्याला त्याहून कितीतरी जास्त लागतं. म्हणून आधी दोन-तीन किलोचा घ्या, जवळच्या तालमीत कुणा जुन्या माणसाकडून हात बसवून घ्या, आणि दोन-तीन महिन्यांनी आजोबांच्या जोडीकडे वळा. तेही एका वेळी एकच मुदगल, दोन्ही हातांनी धरून.

फ्लॅटमध्ये पंख्याखाली नको, गच्चीवर जा. खाली ठेवताना घोंगडी किंवा रबरी मॅट घाला, टाइल्सवर बुडाची कड लगेच फुटते.

घरच्यांचंही मन मोडू नका. जोडी हॉलमध्येच ठेवा, फक्त काचेआड नको. सकाळी उचलायची, पुसून परत जागेवर.

मी त्या वॉर्निशवाल्या मुदगलाची मूठ नंतर काचेच्या तुकड्यानं हळूहळू खरवडून काढली. तो उजव्या हातात घेतो, आजोबांचा डाव्या हातात. तिसरं वर्ष चालू आहे. उजव्याची मूठ आता अंगठ्याजवळ जराशी काळपट दिसायला लागली आहे.