पोच घेतल्याशिवाय परत फिरू नकोस

अनेक आशीर्वाद.

परवा घरी आलास, चहा तसाच निवू दिलास आणि दोनदा म्हणालास, "सर, तसं काही फार मोठं नाहीये." मोठं नसतं तर तू पाऊस अंगावर घेत आला नसतास.

तुमच्या कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपात सेट उचलणं, हॉल झाडणं, प्रॉपर्टी सांभाळणं ही बॅकस्टेजची कामं नव्या मुलांनी जरूर करावीत, जुन्यांनीही करावीत. पण तालीम संपल्यावर रात्री बाराला पहिल्या वर्षाच्या पोरांना रांगेत उभं करायचं, मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर ठेवून इंट्रो द्यायला लावायची, बापाच्या नावानं शिव्या म्हणवून घ्यायच्या, वर स्वतःची जर्नल्स त्यांच्याकडून लिहून घ्यायची, हे रॅगिंग झालं, यात नाटक कुठे आलं? म्हणे, भीड चेपते! मी चाळीस वर्षं एकांकिका बघतोय. अपमानानं भीड चेपलेला एकही नट मला भेटला नाही.

त्या पोरांतला एक मुलगा आठ दिवस वर्गात आलेला नाही, आणि तू मला विचारतोस, "स्पर्धा तोंडावर आहे, ग्रुप फुटेल, मी कुणाशी तरी बोलून बघू का?" बोलू नकोस. लिही. प्राचार्यांना लिहून दे आणि पोच घे.

माझ्या हट्टाचं कारण तुला माहीत नाही. १९९१ साली हॉस्टेलवर माझ्या खोलीतल्या जोडीदाराला रोज रात्री वरच्या मजल्यावर बोलावायचे. पहाटे यायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. मी रेक्टरना दोनदा तोंडी सांगितलं. दोन्ही वेळा ते "बघतो" म्हणाले. दिवाळीच्या सुट्टीला तो ट्रंक घेऊन गावी गेला तो परत आलाच नाही. नंतर त्याचे वडील चौकशीला आले, तेव्हा रेक्टर माझ्यादेखत म्हणाले, "माझ्याकडे तक्रारच नव्हती." कागद नव्हताच, मी काय दाखवणार? तेव्हा कायदा नव्हता, मी एकोणीस वर्षांचा होतो, परीक्षा होती, हे सगळं खरं आहे. पण अर्ज लिहायला कायदा लागत नव्हता.

आता तर कायदा आहे. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९चा. त्यात तक्रार लेखी मागितली आहे, आणि ती कोणताही विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक करू शकतो. म्हणजे सोसणाऱ्यानंच केली पाहिजे असं नाही. पाहणारा तूही करू शकतोस. लेखी तक्रार हातात पडल्यापासून सात दिवसांत प्राचार्यांना चौकशी करावी लागते. प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन, आणि तक्रार पोलिसांकडे. टाळाटाळ केली तर गुन्ह्याला साथ दिल्याचा ठपका त्यांच्यावरच येतो. पण सात दिवस मोजायचे कुठून? पोचेवरच्या तारखेपासून! "तालमीचा हॉल कॉलेजच्या बाहेर आहे" हे तुझं म्हणणंही टिकत नाही. संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडचं रॅगिंग कायद्यानं बंद आहे. आणि दुसऱ्याकडून अभ्यासाची कामं करून घेणं हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००९च्या नियमांत रॅगिंगच आहे.

ते नियम आले त्याच वर्षी मार्चमध्ये हिमाचलमधल्या एका मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियरांच्या मारहाणीत गेला होता. १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन त्यानंतर सुरू झाली. रात्री-अपरात्री फोन कर, नाव गुप्त ठेवायला सांग. पण फोन केला म्हणून अर्ज टाळू नकोस.

लिहिताना विशेषणं नकोत. 'अमानुष छळ' लिहू नकोस. 'दीड तास एका पायावर उभं केलं' असं लिही. तारीख, वेळ, जागा, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं. ग्रुपवरचे मेसेज पुसू नकोस, स्क्रीनशॉट काढून ठेव. त्या मुलाला आधी विचार, पण सही त्याच्यावर ढकलू नकोस. आणि मागच्या वर्षी तुझ्याशी जे झालं तेही लिही. परवा ते सांगताना तू हसलास. मला ते हसू आवडलं नाही.

मी कॉलेजच्या रॅगिंगविरोधी समितीवर असताना अशीच प्रकरणं लावून धरली. सहकारी म्हणायचे, मी कॉलेजचं नाव घालवतो. निलंबित झालेल्या एका मुलाची आई माझ्या दारात येऊन रडली, माझ्यामुळे पोराचं वर्ष गेलं म्हणाली. मी तिला पाणी दिलं, पण अर्ज मागे घेतला नाही. ते वर्ष माझ्यामुळे गेलं नाही, हे मी आजही म्हणतो.

ग्रुप तुझ्याशी बोलायचं बंद करेल. कदाचित भूमिकाही जाईल. तुला त्याचं किती वाटेल ते मला कळतं, रे. जेवायला माझ्याकडे येत जा.

सोमवारी अकराला ऑफिस उघडलं की दोन प्रती घेऊन जा. एक त्यांना, दुसरीवर शिक्का, सही, तारीख आणि आवक क्रमांक. क्लार्क "ठेवून जा" म्हणाला तर तिथेच उभा राहा. अगदीच घेईना, तर स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. आवक क्रमांक मला संध्याकाळपर्यंत कळव. आणि आज रात्री त्या मुलाच्या खोलीवर झोपायला जा.

तुझा,
सर