ऑटोमॅटिक कॉफी मशीन घ्यावं की मॅन्युअल एस्प्रेसो मशीन?

तुमचा प्रश्न वाचला. घरात दोघं जण, दिवसाला चार-पाच कप, त्यातले तीन तरी दुधाचे, आत्तापर्यंत इन्स्टंट पावडरवर भागवलं आणि आता एकदाच काय तो खर्च करायचाय, तर बटण दाबलं की कप हातात देणारं घ्यावं की सगळं स्वतःच्या हाताने करायचं ते. मी दोन्ही वापरलीयत, आधी ऑटोमॅटिक चार वर्षं आणि मग मॅन्युअल, त्याला आता तिसरं वर्ष चालूय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मीच तुम्हाला एक विचारते. नवीन मशीन आणलं, पहिला कप केला आणि तो आंबट आला. काय कराल? "असं कसं झालं" म्हणत लगेच दुसरा करून बघाल, की साखर घालून पिऊन टाकाल आणि दिवसभर मशीनच्या नावाने बोटं मोडाल? उत्तर दुसरं असेल तर ऑटोमॅटिक घ्या, बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. यात कमीपणा वगैरे काही नाही बरं का, माझा भाऊ तसाच आहे आणि माझ्यापेक्षा निवांत कॉफी पितो.

कारण मॅन्युअलवर पहिला कप आंबटच येतो. माझा तर पहिला कशाला, पहिली पिशवी जवळजवळ अख्खी सिंकमध्ये गेली. होतं काय की दळण जाड राहिलं तर पाणी त्यातून सुळकन निघून जातं, कॉफीतलं जे काढायचं ते नीट निघतच नाही आणि चव आंबट लागते. उलट पिठासारखं बारीक दळलं तर थेंब थेंब गळत बसतं आणि येतं ते कडू जहर. साधारण हिशोब असा धरतात की 18 ग्रॅम कॉफी, त्यातून 36 ग्रॅम रस (हाच एस्प्रेसो), आणि त्याला वेळ 25 ते 30 सेकंद. हे काही ब्रह्मवाक्य नाही, पण नवख्याला धरायला एक खुंटी लागते तेवढी ही आहे. 15 सेकंदात 36 ग्रॅम आले तर दळण बारीक करा, 45 लागले तर जाड करा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी आधी दळण, वजन आणि टॅम्पचा, म्हणजे गाळणीत कॉफी दाबून बसवायचा, जोर तिन्ही एकदम बदलत बसायचे, मग चुकलं तर कशामुळे आणि जमलं तर कशामुळे हे कळायचंच नाही.

बरं एकदा जमलं म्हणजे कायमचं जमलं असंही नसतं. बियांची पिशवी बदलली की परत पहिल्यापासून. तीच पिशवी दोन आठवड्यांनी जुनी झाली की शॉट, म्हणजे तो रस, पटपट निघायला लागतो, मग ग्राइंडर थोडा बारीक करायचा. हवेत दमटपणा वाढला तरी फरक पडतो. मला हे सगळं आवडतं, सकाळी उठून कालच्यापेक्षा आज काय वेगळं लागतंय हे बघायला मजा येते. पण घरात दुसऱ्या माणसाला नुसती कॉफी हवी असते हो. माझा नवरा पहिले सहा महिने मी उठेपर्यंत थांबायचा, कारण त्या मशीनला हात लावायचं त्याच्या जिवावर यायचं. तुम्ही दोघं आहात म्हणून मुद्दाम सांगतेय, तुमच्यातल्या एकालाच हौस असेल तर दुसऱ्याच्या कॉफीची सोय काय हे आधी ठरवा.

आता ग्राइंडर. इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. ऑटोमॅटिकमध्ये ग्राइंडर आतच असतो, मॅन्युअलमध्ये बऱ्याचदा वेगळा घ्यावा लागतो, आणि लोक सगळे पैसे चकचकीत मशीनवर घालून ग्राइंडर मात्र मिळेल तो घेतात. पात्यांचा मिक्सरसारखा ग्राइंडर इथे काही कामाचा नाही, त्यात अर्धी कॉफी पीठ आणि अर्धी भरड होते, मग पाणी वाट मिळेल तिथून पळतं आणि एकाच कपात आंबट पण आणि कडू पण. बर ग्राइंडरच हवा, म्हणजे दोन दातेरी चकत्यांमधून दळणारा, आणि तोही एस्प्रेसोइतकं बारीक दळणारा आणि अगदी थोडंथोडं बदलता येणारा. मला विचाराल तर बजेटचे दोन भाग करा आणि ग्राइंडरला निम्म्याच्या आसपास द्या, मशीन साधं असलं तरी चालेल. हाताने फिरवायचे चांगले ग्राइंडरही मिळतात, स्वस्तात काम होतं, पण दिवसाला पाच कप म्हणजे दंडाचा व्यायाम.

आता कोणी म्हणेल की स्वस्तातल्या मॅन्युअलबरोबर तयार दळलेली पावडर चालते की. चालते, कारण त्यात जी गाळणी येते ती दुहेरी तळाची असते, आतल्या तळाला नेहमीसारखी भोकं आणि बाहेरच्या तळाला एकच बारीक छिद्र, त्यातून जोरात ढकलल्यामुळे वर फेस येतो. दिसतं छान. पण तो फेस छिद्राचा आहे, कॉफीचा नाही, शिळ्या पावडरवरसुद्धा तेवढाच येतो. शिकायला पहिले काही दिवस ठीक आहे, कायम तीच वापरणार असाल तर मग मॅन्युअलचा खटाटोप कशाला, ऑटोमॅटिकच त्यापेक्षा चांगली कॉफी देईल.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 15 बार, 20 बार (बार म्हणजे दाबाचं माप) लिहिलेलं असतं त्याच्याकडे बघून निवडू नका. एस्प्रेसोला 9 बारच्या आसपास दाब लागतो. तो मोठा आकडा पंप जास्तीत जास्त किती ढकलू शकतो त्याचा असतो, कॉफीवर तेवढा दाब येणं अपेक्षितही नाही, चांगल्या मशीनमध्ये तो कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. आणि "मॅन्युअल" शब्दाचाही घोळ आहे. आपण ज्याला मॅन्युअल म्हणतो त्यातली बहुतेक खरं तर सेमी-ऑटोमॅटिक असतात, दळणं-दाबणं तुमचं पण दाब द्यायला पंप. अगदी सुरुवातीला, म्हणजे 1901 मध्ये मिलानच्या लुइजी बेझेरांनी पेटंट घेतलं त्या काळात, ही मशीनं वाफेवर चालायची आणि दाब जेमतेम दीड-दोन बार. 1940 च्या दशकात अकिले गाज्जियांचं दांडा ओढायचं मशीन आलं तेव्हा दाब वाढला आणि कॉफीवर तो तपकिरी फेस, म्हणजे क्रेमा, दिसायला लागला, आणि 1961 मध्ये फाएमाच्या ई-61 ने ते काम विजेच्या पंपाला दिलं. दांड्याची मशीनं आजही मिळतात, काहींना तर वीजही लागत नाही, किटलीतलं उकळतं पाणी ओतायचं आणि हाताने दाबायचं. एकट्या माणसाला मस्त, पण पाहुणे आले की घाम फुटतो.

ऑटोमॅटिकबद्दल मी वाईट बोलतेय असं वाटत असेल तर तसं नाही. चार वर्षं तिने मला रोज सकाळी तीच कॉफी दिली, झोपेतून उठून डोळे न उघडता. आत सगळं तेच होतं, बिया दळल्या जातात, छोटा पिस्टन दाबून वडी करतो, गरम पाणी ढकललं जातं आणि चोथा मागच्या डब्यात पडतो. फक्त एका कपाला कॉफी कमी घेते, मशीननुसार 7 पासून 12-14 ग्रॅमपर्यंत, आणि ग्राइंडरला मोजक्याच पायऱ्या असतात, म्हणून रस जरा पातळ आणि चव जरा सौम्य. दूध घालून पिणाऱ्याला हा फरक फारसा कळत नाही. खरंच. मी भावाला दोन्हीची दुधाची कॉफी शेजारी शेजारी ठेवून दिली होती, त्याने ऑटोमॅटिकचीच जास्त आवडली म्हणून सांगितलं आणि माझा दिवस घालवला. काळी प्यायलात तर मात्र फरक लगेच लागतो.

ऑटोमॅटिकवर दोन गोष्टी करून बघा ज्या बहुतेक लोक करत नाहीत. एक म्हणजे दळण. कंपनीतून येते तेव्हा ते बऱ्यापैकी जाड लावलेलं असतं, ते एकेक पायरी बारीक करा, पण ग्राइंडर फिरत असतानाच, बंद असताना फिरवलं तर बिघडू शकतो. आणि बदल लगेच दिसत नाही, आधीचं दळण नळीत अडकलेलं असतं, दोन-तीन कप जाऊ द्या. दुसरं म्हणजे कॉफीचं प्रमाण जास्तीत जास्त ठेवा आणि पाणी कमी करा. एवढ्यानेच कॉफी एकदम वेगळी लागते.

सफाईचं मात्र कोणी सांगत नाही. दुकानात म्हणतात "सेल्फ क्लीनिंग". ती स्वतः धुते म्हणजे नळीतून थोडं पाणी सोडते, चालू करताना एकदा आणि बंद करताना एकदा, आणि ते पाणी खालच्या ट्रेमध्ये साठतं जो तुम्हालाच ओतायचाय. आम्ही एकदा दहा दिवस बाहेर गेलो आणि चोथ्याचा डबा रिकामा करायचा राहिला, आल्यावर उघडला तर आत हिरवी-पांढरी बुरशी, जंगल नुसतं. ब्रू युनिट, म्हणजे कॉफी दाबून त्यातून पाणी सोडणारा आतला भाग, बाहेर काढून बघितलं तर त्यालाही लागलेली. नशीब ते बाहेर निघणारं होतं, नळाखाली धरून धुतलं. काही मॉडेल्समध्ये ते आत बसवलेलं असतं, काढताच येत नाही, गोळी टाकून साफ करायचं, मी तरी तसं घेणार नाही. दुधाची नळी तर रोजच्या रोज. एक दिवस विसरलं की वास, दोन दिवस विसरलं की तो वास घालवायला आठवडा. डब्यातून आपोआप दूध ओढून फेस करणारी मॉडेल्स बघायला भारी वाटतात पण त्यांच्या आतले भाग मोजा किती आहेत ते, आणि मग ठरवा.

हो, आणि तेलकट काळ्याकुट्ट भाजलेल्या बिया ऑटोमॅटिकमध्ये घालू नका. माझ्या बिया डब्यात भिंतीला चिकटून बसायच्या, खाली यायच्याच नाहीत, डबा काठोकाठ भरलेला आणि मशीन म्हणतंय बिया संपल्या.

त्या मानाने मॅन्युअलची सफाई सरळ आहे कारण सगळं डोळ्यासमोर असतं. चोथा ठोकून टाकला, गाळणी पुसली, स्टीमची नळी दूध तापवल्या तापवल्या ओल्या फडक्याने पुसून थोडी वाफ सोडली, झालं. अधूनमधून भोकं नसलेल्या बंद गाळणीत सफाईची पावडर घालून मशीन उलटं धुवायचं, म्हणजे पाणी आत परत ढकलून, पण आधी तुमच्या मशीनला ते चालतं का बघा, सगळ्यांना चालत नाही. रबराची रिंग झिजली की बदलायची, ती घरी बदलता येते. ऑटोमॅटिकमध्ये सेन्सर, मोटर, प्लॅस्टिकचे दाते एवढं सगळं असतं की एखादं रुसलं तर सर्व्हिस सेंटरच. पाण्याच्या क्षारांपासून मात्र सुटका दोघांनाही नाही, पाणी जड असेल तर डीस्केलिंग, म्हणजे आत साठलेले क्षार काढणं, वेळेवर करावंच लागतं. त्यावर उपाय म्हणून डिस्टिल्ड पाणी घालू नका, कॉफी अगदीच सपक लागते आणि काही मशीनच्या सेन्सरला तर क्षार नसलेलं पाणी दिसतच नाही.

वेळेचं म्हणाल तर ऑटोमॅटिक मिनिटाभरात तयार. मॅन्युअलमध्ये खूप फरक आहे, थर्मोब्लॉकवाली, म्हणजे पाणी जाता जाता तापवणारी, पटकन तापतात, मोठ्या पितळी डोक्याच्या मशीनला अर्धा तास लागतो. आणि एकच बॉयलर (पाणी तापवायची टाकी) असेल तर आधी शॉट, मग वाफेसाठी तापेपर्यंत थांबा, मग दूध, मग पुढच्या शॉटसाठी थंड होईपर्यंत परत थांबा. तीन दुधाचे कप लागोपाठ करायचे तर दुसऱ्या कपापर्यंत पहिला थंड झालेला असतो. मी तेच घेतलं होतं. आजही पाहुण्यांना आधी विचारते, काळी चालेल का.

तुम्ही दिलेल्या माहितीवरून, म्हणजे जास्त कप दुधाचे, दोघांपैकी एक सकाळी सहाला बाहेर पडणार आणि आत्तापर्यंत इन्स्टंटवर समाधान होतं, मी ऑटोमॅटिक घेईन. ब्रू युनिट बाहेर निघणारं, दुधाला साधी स्टीमची नळी असलेलं, दळलेली पावडर घालायला वेगळं तोंड असलेलं, रात्री कोणाला डीकॅफ (कॅफिन काढलेली) हवी झाली तर ते कामाला येतं. स्क्रीनवर अठरा पेयांची चित्रं असलेलं नको, त्यातली तुम्ही दोनच पिणार. पण त्या आंबट कपाच्या प्रश्नावर मनात पहिलं उत्तर आलं असेल तर आधी नुसता चांगला ग्राइंडर घ्या आणि हाताने दाबायचं एखादं छोटं मशीन, तीन महिने त्यावर काढा. तेवढ्या काळात कंटाळा आला तर ग्राइंडर वाया जात नाही, आणि नाही आला तर मोठ्या मशीनसाठी काय बघायचं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळलेलं असेल. वजनकाटा मात्र पहिल्याच दिवशी आणा, 0.1 ग्रॅम दाखवणारा, मी तो तीन महिन्यांनी आणला आणि ती पहिली पिशवी त्याच्यावाचूनच गेली.