घरचा कारखाना माझ्या नावावर होतोय. नवी मुंबईत बाईने उद्योग चालवायचा तर अडचणी काय आणि संधी काय?

ताई, तुम्ही लिहिलंय की रबाळे एमआयडीसीतला सासऱ्यांचा छोटा कारखाना तुमच्या नावावर करायचं घरात चाललंय, कारण महिलांना सवलती मिळतात असं सीएंनी सुचवलं. तुम्हाला मात्र तो खरोखर चालवायचा आहे. मी त्याच पट्ट्यात पत्र्याचं काम करते, इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे बनवते. माझ्याकडेही धंदा घरातूनच आला. म्हणून आधी एकच विचारते: बँकेचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार आहे?

ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगाला असे कितीतरी गाळे आहेत जिथे पाटीवर नाव बाईचं, जीएसटी बाईच्या नावाने, चेकबुकावर तिच्या सह्या एकदमच घेऊन ठेवलेल्या, आणि ओटीपी येतो नवऱ्याच्या नाहीतर दिराच्या फोनवर. ती कारखान्यात येते दसऱ्याला, मशीनच्या पूजेला. 2024 च्या सुरुवातीला केंद्र सरकारने संसदेत आकडे दिले होते: उद्यम पोर्टलवर, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीच्या संकेतस्थळावर, नोंदलेल्या उद्योगांपैकी सुमारे 20 टक्के महिलांच्या मालकीचे, पण उलाढालीत त्यांचा वाटा सुमारे 10 टक्के. बायकांचे उद्योग लहान असतात, त्यांना भांडवल कमी मिळतं, ही त्यामागची कारणं आहेतच. पण त्या 20 टक्क्यांतल्या किती जणी खरंच निर्णय घेतात हे कुठल्याच पोर्टलवर दिसत नाही. माझ्या मते आपल्याकडची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे.

यात धोकाही आहे, तो घरात कोणी सांगत नाही. प्रोप्रायटर, म्हणजे धंद्याच्या एकट्या मालक, तुम्ही असाल तर धंद्याचं कर्ज ते तुमचंच कर्ज, तुमच्या दागिन्यांपर्यंत आणि घरातल्या हिश्श्यापर्यंत. चेक वटला नाही तर कलम 138 ची नोटीस सही करणाऱ्याला येते. मशीनवर कोणाचा हात गेला तर जबाबदार कागदावरचा मालक. अधिकार एकाकडे आणि जबाबदारी दुसरीकडे, अशी वाटणी कृपया मान्य करू नका.

मी कारभार हातात घेतला तेव्हा पहिलं काम केलं ते मोबाइल नंबर बदलण्याचं. बँक, जीएसटी, वीजबिल, मोठ्या ग्राहकांकडची पुरवठादार म्हणून नोंदणी, सगळीकडे माझा नंबर दिला. घरात थोडी कुरकुर झाली, पण त्याने बरंच काही आपोआप बदललं. पैसे जमा झाल्याचा मेसेज मला यायला लागला, म्हणून कोणाचं बिल अडकलंय ते मला आधी कळायला लागलं. ग्राहक कंपन्यांचे पर्चेसवाले, म्हणजे खरेदी बघणारे, "साहेबांना फोन द्या" म्हणायचे. मी म्हणायचे, "रेट मीच देणार आहे, बोला." हळूहळू ते मलाच फोन करायला लागले. बँकेतही तसंच. सीसी लिमिट, म्हणजे धंद्याला रोजच्या खर्चासाठी मिळणाऱ्या कर्जाची मर्यादा, वाढवायला गेले तर मॅनेजर बोलायचे माझ्या मिस्टरांशी, मी शेजारी बसलेली असतानाही. पुढच्या वेळी मी एकटी गेले, स्टॉक स्टेटमेंट आणि येणी-देणी तोंडपाठ करून. आकडे आपल्या तोंडी असले की समोरच्याला आपल्याशीच बोलावं लागतं.

शॉपफ्लोअरची भीती तुम्हाला सगळे घालतील: कामगार बाईचं ऐकत नाहीत, फोरमन डोक्यावर बसतो वगैरे. ते तितकं खरं नाही. कामगाराला वेळेवर पगार आणि स्पष्ट सांगणारा माणूस हवा असतो. पण एक गोष्ट कराच, भंगाराकडे लक्ष द्या. पत्र्याच्या कामात शीटमधून जॉब कापून उरलेला माल म्हणजे रोकडच असते. आमच्याकडे भंगाराचा टेम्पो भरला की फोरमन आणि भंगारवाला परस्पर वजन ठरवायचे. मी वजनकाट्यावर जाऊन उभी राहायला लागले. रिकाम्या टेम्पोचं वजन आधी, भरलेल्याचं नंतर, दोन्ही पावत्या माझ्या फाइलला. एका शब्दानेही कोणावर आरोप केला नाही. त्या महिन्यापासून ड्रॉइंग बदलायचं असेल किंवा ओव्हरटाइम लावायचा असेल तर फोरमन स्वतःहून माझ्याकडे यायला लागला. शिवाय एका शीटमधून किती माल वाया जातो हे कळल्यावरच मला खरं कॉस्टिंग, म्हणजे माल बनवायला किती खर्च येतो तो हिशोब, जमायला लागलं.

आता संधी, त्या खऱ्या आहेत. केंद्र सरकारची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करायची असते, आणि 2018 पासून त्यात 3 टक्के महिलांच्या उद्योगांसाठी राखीव आहे. भागीदारी किंवा कंपनी असेल तर त्यासाठी महिलांचा हिस्सा किमान 51 टक्के लागतो. तारणाशिवाय कर्ज घेताना सीजीटीएमएसई या लहान उद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी ट्रस्टची हमी महिलांना इतरांपेक्षा जास्त मिळते, शुल्कही कमी पडतं. मात्र ती हमी बँकेला असते, कर्ज तुम्हालाच फेडायचं असतं. महाराष्ट्राचं महिला उद्योजकांसाठीचं धोरण 2017 सालचं आहे, पण त्यात अटी कडक आहेत. त्याची आजची स्थिती ठाण्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात स्वतः जाऊन विचारा, एजंटाला पाठवू नका.

माझ्या दृष्टीने मोठी संधी वेगळीच आहे. परदेशी मालकीच्या बऱ्याच कंपन्या महिलांच्या मालकीचे पुरवठादार मुद्दाम शोधतात. त्यासाठी वीकनेक्ट इंटरनॅशनलसारख्या संस्था प्रमाणपत्र देतात, आणि तिथे नुसते 51 टक्के पुरत नाहीत, उद्योगाचं व्यवस्थापन आणि नियंत्रणही बाईच्याच हातात असावं लागतं. म्हणजे सीएंनी सुचवलेली नावापुरती मालकी इथे उपयोगाची नाही. ज्या बाईला स्वतःचं कॉस्टिंग सांगता येतं तिलाच या दाराने आत जाता येतं. घरच्यांना पटवायला हा मुद्दा वापरा, धंदेवाल्या माणसाला तो लगेच समजतो.

उद्योजिका कल्पना सरोज यांचं नाव अशा वेळी हमखास घेतलं जातं. 2006 मध्ये त्यांनी कर्जात बुडालेली कमानी ट्यूब्स ही कंपनी हातात घेतली, 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या गरिबीची कथा सगळे सांगतात. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बँकांशी दंड आणि व्याजाची बोलणी करायला त्या स्वतः बसल्या.

ठाण्याची टीसा (ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन) आणि रबाळ्याची टीबीआयए (ठाणे बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन) या उद्योजकांच्या संघटना आहेत, सभासद व्हा आणि बैठकांना जा. बैठका बहुतेक संध्याकाळी असतात, मुलांच्या अभ्यासाच्या आणि स्वयंपाकाच्या वेळेला, त्यामुळे बायका कमी दिसतात. आणि नवी ऑर्डर, विकाऊ मशीन, भाड्याचा गाळा, हे सगळं तिथे चहा पिताना कळतं. तेव्हा त्या संध्याकाळी घरचं कोण बघणार हे आधीच ठरवून टाका. "जमेल तसं बघू" म्हटलं की शेवटी आपणच घरी थांबतो.

राहिली कागदपत्रं. भागीदारी करणार असाल तर करारपत्रात तीन गोष्टी लिहून घ्या: खात्यावर सही कोणाची, कर्ज आणि खरेदीचा अंतिम निर्णय कोणाचा, आणि तुम्ही प्रत्यक्ष काम करणाऱ्या भागीदार असून तुमचा मेहनताना किती. भूखंड एमआयडीसीचा भाडेपट्ट्यावरचा असेल तर नाव चढवायला महाप्याच्या कार्यालयाची परवानगी लागते, तो खर्च आणि वेळ आधी विचारून घ्या. मेहनताना "घरातलाच पैसा आहे" म्हणून सोडू नका. तो दरमहा स्वतःच्या खात्यात घ्या आणि स्वतःचं इन्कमटॅक्स रिटर्न भरा. उद्या शेजारचा गाळा घ्यायची वेळ आली तर बँक तुमचीच मागची काही वर्षांची रिटर्न मागेल.