सशाच्या शिंका आणि श्वासाची घरघर महिनोन्‌महिने थांबत नसेल तर काय करावे?

आपण लिहिले आहे की, तीन वर्षांचा ससा गेल्या पाच-सहा महिन्यांपासून शिंकतो आहे, झोपेत त्याच्या नाकातून घरघर ऐकू येते, अँटिबायोटिकचे दोन कोर्स होऊन गेले आणि औषध बंद केले की आठवड्याभरात सगळे पुन्हा सुरू होते. मी पशुवैद्य नाही. परंतु हाच त्रास असलेला ससा आमच्या घरी बरीच वर्षे होता आणि त्याच्या निमित्ताने या विषयाचा मी जमेल तितका अभ्यास केला. त्यावरून माझे स्पष्ट मत असे की, कारण न शोधता तिसरा कोर्स सुरू करू नये. कारण शोधताना सर्वांत आधी सशाच्या दातांची मुळे तपासून घ्यावीत, कारण नेमकी तीच गोष्ट बहुतेकदा राहून जाते.

मात्र त्याआधी एक तातडीची बाब सांगतो. ससा जवळजवळ पूर्णपणे नाकाने श्वास घेणारा प्राणी आहे. कुत्रा धापा टाकतो तसे तोंड उघडून श्वास घेणे त्याच्या स्वभावातच नाही. त्यामुळे ससा मान वर ताणून तोंडाने श्वास घेत असेल, ओठ किंवा हिरड्या निळसर दिसत असतील, किंवा श्वासाबरोबर त्याची कूस जोराने आत-बाहेर होत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठावा. शांत बसलेल्या सशाचा श्वास साधारणपणे मिनिटाला ३० ते ६० वेळा चालतो; आपल्या सशाचा आकडा त्याच्या बऱ्या दिवसांत मोजून ठेवावा, म्हणजे बिघाड लवकर कळतो. दहा-बारा तास त्याने काहीच खाल्ले नाही किंवा लेंड्या पडणे थांबले, तर तेही तितकेच गंभीर समजावे. नाक चोंदलेल्या सशाला अन्नाचा वास येत नाही, चावताना दम लागतो, तो खाणे सोडतो आणि मग आतड्यांची हालचाल मंदावते. अशा वेळी जिवाला धोका नाकापेक्षा पोटाकडून अधिक असतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सशाच्या या त्रासाला आपण सवयीने सर्दी म्हणतो, पण माणसाची सर्दी विषाणूंमुळे होते आणि आठवड्याभरात आपोआप बरी होते, तसे येथे घडत नाही. सशांमध्ये बहुधा जिवाणूंचा संसर्ग असतो. त्यांतील पाश्चुरेला मल्टोसिडा हा सर्वांत परिचित असला, तरी बोर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस आणि स्युडोमोनास यांचाही वाटा असतो. पाश्चुरेला अनेक निरोगी सशांच्या नाकात कोणताही त्रास न देता राहतो आणि प्रवास, उष्मा, नवा ससा घरात येणे किंवा दुसरा एखादा आजार यांमुळे प्रतिकारशक्ती खालावली की उचल खातो. सशाचा पू दाट, जवळजवळ दह्याच्या घट्ट गोळ्यासारखा असतो. नाकातील हाडांच्या नाजूक, गुंतागुंतीच्या पडद्यांमध्ये तो साचून राहिला की रक्तातून येणारे औषध तेथपर्यंत पुरेसे पोहोचत नाही. कोर्स चालू असताना जिवाणूंची संख्या घटते, ससा बरा वाटतो, आणि औषध थांबताच उरलेले जिवाणू पुन्हा वाढतात. आपल्याला जे दिसते आहे ते बहुधा हेच असावे.

म्हणून नाकातील स्रावाची कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी चाचणी, म्हणजे कोणता जिवाणू आहे आणि त्यावर कोणते औषध चालते हे सांगणारी तपासणी, करून घेण्याचा आग्रह धरावा. नाकपुडीच्या तोंडाशी फिरवलेल्या बोळ्यावर बाहेरचे वाटेल ते जिवाणू येतात. नमुना खोलवरून घ्यावा लागतो आणि त्यासाठी हलकी भूल द्यावी लागू शकते. अँटिबायोटिक चालू असताना घेतलेला नमुना फसवा ठरू शकतो, त्यामुळे आधी औषध किती दिवस बंद ठेवायचे हे डॉक्टरांना विचारावे.

दातांविषयी मात्र सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते. सशाला २८ दात असतात आणि ते सगळे आयुष्यभर वाढत राहतात. समोरचे दात तर आठवड्याला साधारण २ ते ३ मिलिमीटर वाढतात. ही वाढ झिजवण्याचे काम दिवसभर गवत चघळण्याने होते. आपल्याकडे दुकानातून ससा आणला की सोबत पेलेटची, म्हणजे दाबून केलेल्या तयार खाद्याच्या गोळ्यांची, पिशवी मिळते. घरात त्याला गाजर, कोबी, पोळीचा तुकडा दिला जातो आणि वाळलेले गवत बहुधा मिळतच नाही. दाढा पुरेशा झिजल्या नाहीत की त्या वर वाढतात, एकमेकींवर दाबल्या जातात आणि मग त्यांची मुळे उलट्या दिशेने, म्हणजे कवटीच्या आत सरकू लागतात. वरच्या दातांची मुळे नाकाच्या पोकळीला आणि डोळ्यांतून नाकात उतरणाऱ्या अश्रुनलिकेला अगदी खेटून असतात. मूळ लांबले की नलिका दबते, डोळ्यातून पाणी किंवा पांढरा स्राव येतो, नाकाची वाट अरुंद होते, घरघर सुरू होते, आणि मुळाशी पू झाला तर तो नाकात उतरतो. शिंका एकाच बाजूने येत असतील, त्याच बाजूचा डोळा वाहत असेल, खालच्या जबड्यावर बोटाला उंचवटे लागत असतील, किंवा ससा कडक गवत टाळून मऊ तेवढेच खात असेल, तर दातांचा संशय पक्का धरावा. आखूड तोंडाच्या बुटक्या जातींमध्ये आणि लोंबत्या कानांच्या सशांमध्ये हा दोष अधिक आढळतो. जागेपणी तोंडात बॅटरी मारून दाढांचा वरचा भाग कसाबसा दिसतो, मुळे दिसत नाहीत. त्यासाठी कवटीचा एक्स-रे, आणि शक्य असेल तेथे सीटी स्कॅन हवा. आमच्या सशाच्या बाबतीत उत्तर एक्स-रेवरच मिळाले. कधीकधी नाकात अडकलेली गवताची काडीही एका बाजूच्या अखंड शिंकांना कारण ठरते.

औषधांच्या बाबतीत अत्यंत सावध राहावे. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधे सशाला तोंडावाटे दिल्यास आतड्यांतील उपयुक्त जिवाणू मरतात, विषारी जिवाणू माजतात आणि ससा दगावू शकतो. लहान मुलांचे उरलेले अँटिबायोटिक किंवा सर्दीचे सिरप यांना म्हणूनच हात लावू नये. सशांसाठी एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फा यांसारखी तुलनेने सुरक्षित औषधे वापरली जातात, परंतु निवड आणि मात्रा ही डॉक्टरांनी चाचणी पाहूनच ठरवावी. दीर्घ मुदतीच्या संसर्गात कोर्स अनेक आठवडे चालतो. आठ दिवसांत शिंका थांबल्या म्हणून तो आपल्या मनाने तोडू नये. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले तर त्याचे कारण जरूर विचारावे, कारण सशांमध्ये स्टेरॉइडमुळे प्रतिकारशक्ती झपाट्याने खालावते आणि दबलेला संसर्ग उसळतो.

घरातील हवा हा उपचाराचाच भाग आहे. उदबत्ती, धूप, डासांची कॉइल, फिनाईलचा उग्र वास आणि मिरचीच्या फोडणीचा ठसका हे सगळे त्या सुजलेल्या नाकाला असह्य होते. पिंजरा देवघर आणि स्वयंपाकघर यांपासून दूर हलवावा. आपल्या सर्दीवर आपण ओव्याची धुरी घेतो किंवा निलगिरीचे तेल हुंगतो, ते सशावर कदापि करू नये. लघवी साचली की तिच्यातून अमोनिया सुटतो आणि तो श्वासमार्गाच्या आतील अस्तराला इजा करतो, म्हणून लघवीची जागा रोज बदलावी. पाइन किंवा देवदाराचा भुसा वापरू नये. कागदाचे तुकडे चालतात. पावसाळ्यात गवताला बुरशी येते, तेव्हा भारा उघडून वास घ्यावा, कुबट वाटल्यास टाकून द्यावा आणि चांगले गवतही झटकून मगच घालावे. मोठ्या सशाला मारवेल किंवा हरळीचे वाळलेले गवत द्यावे. लसूणघासात कॅल्शियम फार असल्याने तो रोजचा मुख्य आहार करू नये.

नेब्युलायझरने आमच्याकडे मोठा आराम पडत असे. डॉक्टरांच्या सल्ल्याने या यंत्रातून साध्या सलाइनचे बारीक तुषार दिले की घट्ट स्राव सैल होतो आणि ससा स्वतःच शिंकून तो बाहेर टाकतो. त्यानंतर कोमट ओल्या कापसाने नाकपुड्या पुसाव्यात. पुढच्या पायांची आतली बाजूही पाहावी, कारण ससा नाक तेथेच पुसतो आणि तेथील केस चिकटून गुठळ्या होतात. शिंका कमी ऐकू आल्या तरी पाय ओलेच राहत असतील, तर आजार अजून आहे असे समजावे. जुन्या संसर्गात नाकातील हाडे झिजलेली असतील, तर तो मुळापासून जात नाही हेही मनाशी स्वीकारावे लागते. अशा सशाचे खाणे, खेळणे आणि वजन टिकवणे हेच उपचाराचे उद्दिष्ट धरावे. दर आठवड्याला त्याचे वजन करावे आणि मान एका बाजूला कलू लागली तर लगेच दाखवावे, कारण संसर्ग नाकातून मधल्या कानात पोहोचू शकतो. आपल्याकडे गिनीपिग असतील तर त्यांना वेगळे ठेवावे, कारण सशाच्या नाकातील बोर्डेटेला त्यांच्यात न्यूमोनिया घडवतो.

जवळच्या दवाखान्यात सशांचा अनुभव नसेल, तर परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय, शिरवळचे किंवा नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करावी. जाण्याआधी झोपेतल्या घरघरीचे मोबाइलवर चित्रण करून ठेवावे, कारण दवाखान्यात घाबरलेला ससा तसा आवाज करीलच असे नाही. आतापर्यंतच्या औषधांची नावे, मात्रा आणि तारखा लिहून न्याव्यात. एक्स-रेसाठी भूल द्यायची असेल आणि कोणी सशाला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितले, तर नम्रपणे पुन्हा विचारावे: सशाला उलटी होत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजरांसारखा त्याला लांब उपवास घडवण्याची गरज नसते, उलट त्याचे नेहमीचे गवत सोबत न्यावे आणि शुद्धीवर येताच त्याच्यापुढे ठेवावे.