प्रोटीनची व्हायल (छोटी बाटली) उकाड्यात राहिली, आता फेकून द्यायची का?

तुमचा प्रश्न असा: सालीच्या अर्कावरच्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मागवलेलं रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेलं) ईजीएफआर, म्हणजे पेशीच्या पडद्यात बसून बाहेरचं ईजीएफ पकडणारं प्रोटीन, तीन दिवस कुरिअरच्या गोदामात पडून राहिलं, कॉलेजच्या शिपायाने आणायला उशीर केला, डब्यातल्या जेलपॅकचं पाणी झालं होतं आणि आता किनेज ॲसेमध्ये (ईजीएफआरचा एटीपी वापरणारा भाग, म्हणजे किनेज, काम करतो का ते बघणाऱ्या चाचणीत) काहीच रीडिंग येत नाही. व्हायल फेकावी का, आणि नुकसान शिपायाकडून भरून घेता येईल का?

फेकू नका. व्हायलच्या तळाशी पांढरी पावडर किंवा नुसता पातळ पापुद्रा दिसत असेल तर ते फ्रीझ-ड्राय केलेलं प्रोटीन आहे. त्यातलं पाणी काढून टाकलेलं असतं आणि ट्रेहॅलोजसारखी साखर घातली असेल तर ती रेणूला काचेत बसवल्यासारखं धरून ठेवते. पाणीच नसलं की प्रोटीनला उलगडायला वाव राहत नाही. असा माल पुष्कळदा साध्या तापमानालाच पाठवतात. तीन दिवसांच्या उकाड्याने ते मेलं असेल असं मला वाटत नाही.

शिपायाकडून भरून घेण्याचं मात्र डोक्यातून काढून टाका. हे मी चिडून लिहितोय, कारण हे सगळं माझ्यासमोर घडलेलं आहे.

२०१६ च्या मे महिन्यात मी तापीपलीकडच्या एका तालुक्याच्या गावी एम.एस्सी. करत होतो. सातपुड्यातून आणलेल्या एका झाडाच्या सालीचा अर्क ईजीएफआरला रोखतो का, हा माझा विषय. कॉम्प्युटरवर डॉकिंग (अर्कातला रेणू प्रोटीनवर कसा बसेल याचा अंदाज) झालं होतं, आकडे छान आले होते, म्हणून सरांनी खरं प्रोटीन मागवायचं ठरवलं. ५० मायक्रोग्रॅमच्या दोन व्हायल. ५० मायक्रोग्रॅम म्हणजे मिठाचा जेमतेम एक दाणा, आणि त्यासाठी वर्षभराच्या केमिकलच्या बजेटचा मोठा लचका गेला.

पार्सल शनिवारी दुपारी जळगावला आलं. रविवार सुट्टी. सोमवारी पहाटेच्या एसटीने आमच्या लॅबचे अटेंडंट नाना ते आणायला गेले. कॉलेजच्या शिक्क्याचं पत्र पाहिजे म्हणून कुरिअरवाल्याने त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. जळगावचा मे महिना ज्याने काढलाय त्याला ती दुपार सांगायला नको, पारा ४४ च्या वर. नानांनी स्वतःचा टॉवेल नळाखाली भिजवून डब्याला गुंडाळला, बसमध्ये उन्हाची बाजू सोडून मागच्या सीटवर बसले आणि डबा मांडीवर घेऊन आले. कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एवढंच माहीत होतं की आत थंड ठेवायची काहीतरी महागाची वस्तू आहे.

एक व्हायल उघडून मी ॲसे लावला. किनेज काम करत असेल तर एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होतं आणि हा खर्च मोजता येतो. माझ्या प्लेटवर प्रोटीन घातलेली वेल (प्लेटमधला छोटा खळगा) आणि न घातलेली वेल यांचे आकडे सारखेच. तीनदा केलं, तीनदा तेच. सर सगळ्यांसमोर नानांना म्हणाले, "उन्हात शिजवून आणलंत." त्यांच्याकडून खुलासा लिहून घेतला. जूनपासून त्यांना लॅबमधून काढून गेटवर बसवलं. चोवीस वर्षं ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) लावणारा माणूस! मला कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणाले, "मन्ही काय चूक रे भाऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सरांसमोरही काही बोललो नाही, आणि ते मला आजही सलतं.

पुढे पुण्याला एका लॅबमध्ये प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून लागलो. तिथल्या मॅडमनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तुझ्या प्रोटीनचे कुठले अमिनो आम्ल ते कुठले?" मी डेटाशीट काढली. त्यावर होतं: ल्युसिन २५ ते सेरिन ६४५.

तुम्हाला हे माहीत असेलच, तरी आकडे समोर ठेवतो. पूर्ण ईजीएफआर १२१० अमिनो आम्लांचा. पहिली २४ म्हणजे सिग्नल, ती कापली जातात. २५ ते ६४५ पेशीच्या बाहेर, ६४६ ते ६६८ पडद्यात, बाकी सगळं आत. किनेज ७१२ ते ९७९ मध्ये. ईजीएफआरला रोखणारं कर्करोगाचं औषध एर्लोटिनिब बसतं ते तिथे, माझं डॉकिंग १एम१७ क्रमांकाच्या प्रोटीन-रचनेवर होतं तेही तिथलंच. आणि आम्ही मागवला होता फक्त बाहेरचा तुकडा. त्यात किनेज नव्हतंच. ते नुकतं बनवून बर्फात घालून आणलं असतं तरी माझी प्लेट तशीच आली असती.

दुसरी व्हायल, त्याच डब्यातून, त्याच बसने, त्याच उन्हातून आलेली, कॉलेजच्या फ्रीझरमध्ये सीलबंद पडून होती. सरांना मागितली तर म्हणाले, "ने, फेकायचीच आहे." दहा महिन्यांनी मी ती पुण्यात उघडली. प्रोटीनचं वजन बघायच्या जेलवर पट्टा १०० किलोडाल्टनच्या (प्रोटीनचं वजन मोजायचं एकक) आसपास, थोडा पसरट. हिशोबाने ६९ च्या जवळ यायला हवा. पण हे प्रोटीन माणसाच्या पेशींत बनवलेलं, त्यावर साखरेच्या साखळ्या असतात, म्हणून ते वर धावतं. तुमचाही पट्टा वर आला तर घाबरू नका. मग प्लेटला ईजीएफ लावलं, ईजीएफआरचा बाहेरचा तुकडा पकडतो ते हेच. हे ५३ अमिनो आम्लांचं छोटं प्रोटीन. त्यावर नानांच्या डब्यातलं प्रोटीन घातलं, त्याला जोडलेली खूण, हिस-टॅग, ओळखून रंग देणारी अँटिबॉडी घातली. निळा रंग चढला. जितकं प्रोटीन जास्त तितका गडद, आणि रिकाम्या वेल स्वच्छ. प्रोटीन जिवंत होतं.

जेलचा आणि प्लेटचा फोटो सरांना पाठवला. "छान काम केलंस" एवढं उत्तर आलं. त्यात नानांचं नाव नव्हतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) घरी आलो तेव्हा गेटवर जाऊन नानांना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "मंग हाई सरले सांग ना." म्हणजे, मग हे सरांना सांग ना. सांगितलं होतं, हे मला त्यांना सांगवलं नाही. तो खुलासा अजून त्यांच्या फाइलला आहे.

आता तुमचं काम. न उघडलेली व्हायल असेल तर ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच उघडा, थंड उघडली तर हवेतलं पाणी आत जमतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये थोडी फिरवा, पावडर झाकणाला चिकटलेली असते. ५० मायक्रोग्रॅमला ५०० मायक्रोलिटर निर्जंतुक पीबीएस (क्षारांचं बफर), व्होर्टेक्सवर जोरात हलवणं नको. लहान लहान भाग करून उणे ७० ला ठेवा. घरगुती फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर अजिबात नको, तो स्वतःहून गरम-थंड होत राहतो आणि प्रोटीन त्याने खरोखर मरतं. कमी प्रमाणात ठेवायचं तर ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घाला. पण बायोटिन लावायचं असेल किंवा सेन्सर चिपवर जोडायचं असेल तर बीएसए घालू नका, आणि ट्रिस बफरही नको.

अर्काबद्दलही स्पष्ट बोलतो. सालीच्या कच्च्या अर्कात टॅनिन असतं, ते दिसेल त्या प्रोटीनला चिकटतं. तुमचा अर्क किनेज रोखतो असं उद्या दिसलं तरी टॅनिन काढल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका. माझा प्रबंध मी त्याशिवायच दिला, तो द्यायला नको होता.

एक गोष्ट आधीच लिहायला हवी होती. हे सगळं पावडरबद्दल आहे. तुमच्याकडे ग्लिसरॉलमधलं द्रव किनेज, जीएसटी नावाचं प्रोटीन जोडलेलं, ड्राय आइसमध्ये यायचं होतं आणि ड्राय आइस संपून ते तीन दिवस गोदामात राहिलं असेल, तर ते बहुधा गेलंच. तेव्हाही पाठवणाऱ्याने सुट्टीच्या तोंडावर माल सोडला होता का, हे आधी विचारा.

डेटाशीटवरचे अमिनो आम्लांचे आकडे इथे लिहा. २५ ते ६४५ असतील तर ॲसे बदला, प्रोटीन तेच वापरा, आणि तुमच्या शिपाईकाकांकडून काही लिहून घेतलं असेल तर तो कागद परत मागवा.