सिटी कौन्सिल सॅक्रामेंटोच्या विधेयकांत नाक का खुपसते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात, सॅन होजेच्या आसपासच्या साउथ बेमधल्या एका लहान शहरात राहणाऱ्या गृहस्थांच्या लक्षात आलं, की रेल्वे स्टेशनाजवळ जास्त मजल्यांना परवानगी देणाऱ्या, सॅक्रामेंटोत म्हणजे राज्याच्या राजधानीत मांडलेल्या विधेयकाला त्यांच्या सिटी कौन्सिलने विरोधाचं पत्र पाठवलंय. त्यांचा स्वतःचा त्या विधेयकाला पाठिंबा. ते विचारतात: आम्हाला न विचारता हे कसं? लॉबिस्टचा, म्हणजे आमदारांपुढे शहराची बाजू मांडायला नेमलेल्या माणसाचा, खर्च आमच्या टॅक्समधून का? आणि असल्या पत्रांनी काही फरक पडतो का? मी याच भागातल्या एका सिटी हॉलमध्ये बरीच वर्षं विधेयकांचा तक्ता सांभाळलाय, त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी कायद्याचं. हे बेकायदा नाही. कॅलिफोर्निया गव्हर्नमेंट कोडचं कलम ५००२३ शहराला राज्याच्या विधिमंडळापुढे आणि काँग्रेसपुढेही (वॉशिंग्टनमधल्या संसदेपुढे) जाऊन, हिताच्या विधेयकाच्या बाजूने आणि अहिताच्या विधेयकाविरुद्ध, म्हणणं मांडायची मुभा देतं. खर्च शहराच्या तिजोरीतून करता येतो. बंधन आहे ते निवडणुकीचं. तोच विषय लोकांच्या मतदानासाठी मतपत्रिकेवर आला, की सार्वजनिक पैशातून प्रचार बंद. १९७६ च्या स्टॅन्सन विरुद्ध मॉट खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही रेघ ओढली: तटस्थ माहिती देता येते, मतं मागता येत नाहीत.

महाराष्ट्रातून आलेल्याला हे जरा विचित्र वाटतं, आणि ते साहजिक आहे. तिकडे महापालिकेचा ठराव सरकारला पटला नाही तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली तो विखंडित होतो, आणि महापालिकेची कामं आमदारांमार्फत नगरविकास खात्यात जाऊन करून घ्यायची असतात. इथेही शहर राज्याच्याच कायद्याने चालतं, संघराज्याच्या घटनेत तर शहरांचा उल्लेखच नाही. फरक इतकाच, की इथे शहर राज्याशी उघडपणे भांडतं आणि त्या भांडणाची नोंद ठेवतं. शहराने लॉबिस्ट नेमला असेल तर दर तिमाहीला त्याचा हिशेब राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे भरावा लागतो. कॅल-ॲक्सेस या वेबसाइटवर आपल्या शहराचं नाव घाला, कोणाला किती पैसे दिले ते दिसेल. पत्र वाचून रागवण्याआधी हे बघाच.

आता काम कसं चालतं ते. असेंब्लीत ८०, सेनेटमध्ये ४० सदस्य. विधेयकं मांडायची मुदत फेब्रुवारीत संपते आणि तोवर दोन हजारांवर विधेयकं येऊन पडलेली असतात. त्यातली शहराशी संबंधित किती, हे नुसत्या शीर्षकावरून कळत नाही. बरीच तर नुसती जागा धरून ठेवायला आणलेली असतात: आत एखाद्या स्वल्पविरामाची दुरुस्ती, खरा मजकूर एप्रिलमध्ये. म्हणून सिटी हॉलमध्ये एक तक्ता असतो. विधेयकाचा क्रमांक, कर्ता (म्हणजे ते मांडणारा आमदार), विषय, कुठल्या विभागाकडे पाठवलं, शहराची भूमिका. माझ्या मते त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे ‘शेवटची दुरुस्ती कधी’. विधिमंडळाच्या वेबसाइटवर नवा मजकूर निळ्या तिरक्या अक्षरांत आणि काढलेला लाल रेघ मारून दिसतो. मार्चमध्ये वाचून ‘आपल्याशी संबंध नाही’ म्हणून सोडलेलं विधेयक जूनमध्ये अथपासून इतिपर्यंत निळं झालेलं असू शकतं. ऑगस्टमध्ये तर जुन्या विधेयकाचं पोट रिकामं करून त्यात भलताच विषय भरायची जुनी रीत आहे. २०१६ च्या प्रपोझिशन ५४ (प्रपोझिशन म्हणजे लोकांच्या थेट मतदानाला टाकलेला प्रस्ताव) नंतर अंतिम मतदानाआधी मजकूर ७२ तास जाहीर ठेवावा लागतो, एवढी तरी सोय झाली.

आता ‘आम्हाला न विचारता’चं बघू. समितीची सुनावणी बहुधा आठवडाभर आधी कळते. कौन्सिल भरते महिन्यातून दोनदा, आणि ब्राउन ॲक्टप्रमाणे (स्थानिक संस्थांच्या सभा खुल्या ठेवायला लावणारा राज्याचा कायदा) नेहमीच्या सभेचा अजेंडा ७२ तास आधी लावावा लागतो. पब्लिक वर्क्सचा इंजिनियर आपलं मत दहा दिवसांनी कळवतो. हा मेळ बसूच शकत नाही. म्हणून बहुतेक शहरं वर्षाच्या सुरुवातीला ‘लेजिस्लेटिव्ह प्रोग्रॅम’ नावाचं एक टिपण मंजूर करून ठेवतात: स्थानिक अधिकार टिकवा, निधी न देता कामं लादणाऱ्या विधेयकांना विरोध करा, वगैरे. एखादं विधेयक या तत्त्वांत बसलं, की पुन्हा कौन्सिलपुढे न जाता मेयरच्या सहीने पत्र जातं. म्हणजे तुम्हाला विचारलं होतं, पण जानेवारीत, एका ढोबळ वाक्यात, कन्सेंट कॅलेंडरवर, जिथे दहा-बारा विषय एका दमात मंजूर होतात. मोठ्या शहरांत चाळणी जास्त असते. सॅन होजेमध्ये अशा भूमिका रूल्स अँड ओपन गव्हर्नमेंट कमिटीपुढे येतात, तिथे जाऊन बोलता येतं.

पत्राने फरक पडतो का? नुसत्या पत्राने फारसा नाही. ते विधिमंडळाच्या पोर्टलवर चढतं, वेळेत पोचलं तर समितीच्या विश्लेषणाच्या शेवटच्या पानावर ‘विरोध’ या मथळ्याखाली शहराचं नाव छापून येतं. सुनावणीत दोन्ही बाजूंचे सहसा दोन-दोन मुख्य साक्षीदार, प्रत्येकाला दोनेक मिनिटं. बाकीच्यांनी रांगेत उभं राहून नाव, संस्था आणि भूमिका एवढंच सांगायचं. वीस शहरांचे प्रतिनिधी एकामागून एक ‘विरोध’ म्हणत सरकतात आणि व्यासपीठावरचे निम्मे सदस्य फोनमध्ये असतात.

किंमत असते ती दुरुस्तीच्या मजकुराला. नमुना घ्या: विधेयक म्हणतं, अर्ज आल्यापासून ६० दिवसांत परवाना द्या, नाहीतर तो मिळाला असं समजलं जाईल. शहराने ‘स्थानिक स्वायत्ततेवर घाला’ म्हणून दोन पानं लिहिली तर ती फायलीत जातात. पण इंजिनियरने सांगितलं, की निम्मे अर्ज नकाशाविनाच येतात, आणि आपल्या लॉबिस्टने समितीच्या कन्सल्टंटपुढे (विधेयकाचं विश्लेषण लिहिणाऱ्या कर्मचाऱ्यापुढे) एकच शब्द ठेवला, ‘परिपूर्ण अर्ज आल्यापासून’, तर तो बहुधा स्वीकारला जातो. कर्त्याचं काही जात नाही, शहराचा मोठा प्रश्न सुटतो. म्हणून सरळ ‘विरोध’पेक्षा ‘दुरुस्ती होईतो विरोध’ ही भूमिका जास्त कामाची, आणि तीही पहिल्याच समितीत. नंतर कर्त्याने दहा जणांशी तडजोडी केलेल्या असतात, अकराव्यासाठी गाठोडं सोडायला तो तयार नसतो.

आणखी दोन जागा लक्षात ठेवा. एक, विधेयकाचं शेवटचं कलम. राज्याने शहरावर नवं काम टाकलं तर खर्च भरून द्यावा, असं राज्यघटना सांगते, ही १९७९ च्या प्रपोझिशन ४ ची देणगी. पण शहराला त्या कामासाठी फी आकारता येत असेल तर भरपाईची गरज नाही, अशी पळवाट आहे, आणि घरबांधणीच्या विधेयकांच्या शेवटी हे वाक्य ठरल्यासारखं असतं. दोन, ॲप्रोप्रिएशन्स म्हणजे खर्च तपासणाऱ्या समितीची सस्पेन्स फाइल. खर्चिक विधेयकं तिथे साठवतात आणि मे आणि ऑगस्टमध्ये एकाच बैठकीत निकाल लावतात. साक्ष नाही, चर्चा नाही. अध्यक्ष भराभर क्रमांक वाचतात: पास, दुरुस्तीसह पास, रोखलं. भर सभेत ज्याला कोणी ‘नाही’ म्हणालं नसतं ते तिथे गुपचूप मरतं.

हे सगळं नुसतं अडवण्यासाठी चालतं असं नाही. सॅन होजेला बेघरांसाठी छोट्या केबिनची वस्ती उभारायची होती, पण राज्याचा बिल्डिंग कोड आड येत होता. शहराच्या पुढाकाराने असेंब्ली सदस्य नोरा कॅम्पोस यांनी एबी २१७६ (एबी म्हणजे असेंब्लीचं विधेयक) मांडलं आणि २०१६ मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांची सही झाली. एका शहरापुरता, मुदतीचा कायदा. पुढच्या वर्षी तशीच मुभा इतर काही शहरांना मिळाली. सॅन होजेची पहिली वस्ती मात्र मेबरी रोडवर २०२० मध्ये उघडली. कायदा पास होण्यापेक्षा जागा ठरवायला जास्त वेळ गेला, कारण आपल्या घराजवळ नको म्हणणारे सगळीकडे असतात.

शहरांची ताकद आणि तिची मर्यादा, दोन्ही एकत्र बघायची असतील तर एसबी ६४९ (एसबी म्हणजे सेनेटचं विधेयक) वाचा. २०१७ चं हे विधेयक फाइव्ह-जीच्या छोट्या अँटेना शहराच्या दिव्यांच्या खांबांवर बसवण्याबाबतचं. टेलिकॉम कंपन्यांना ते हवं होतं, कारण त्याने शहरांचा नकाराधिकार जवळजवळ संपत होता आणि खांबाच्या भाड्यावर मर्यादा येत होती. तीनशेच्या आसपास शहरांनी विरोध केला. १८९८ पासून शहरांची बाजू लावून धरणारी लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज पुढे होती. तरी दोन्ही सभागृहांत ते मंजूर झालं. शहरांनी नेट सोडला नाही, मोर्चा गव्हर्नरकडे वळवला, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये ब्राउन यांनी व्हेटो केला. ब्राउन स्वतः ओकलंडचे मेयर राहिलेले, रस्त्यावरचा खांब कोणाचा या भांडणाची त्यांना जाण होती, असं आपलं मला वाटतं.

आनंद वर्षभरही टिकला नाही. कंपन्यांनी तोच मुद्दा वॉशिंग्टनला, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे, म्हणजे केंद्राच्या दूरसंचार नियामकाकडे, नेला. तिथल्या सल्लागार समितीवर सॅन होजेचे तेव्हाचे मेयर सॅम लिकार्डो होते. समितीत उद्योगाचंच पारडं जड आहे असं म्हणत त्यांनी जानेवारी २०१८ मध्ये राजीनामा दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये कमिशनने आदेश काढला: एका छोट्या अँटेनामागे वर्षाला साधारण २७० डॉलरपर्यंतची फी वाजवी धरली जाईल, आधीच्या खांबावर बसवायचं असेल तर ६० दिवसांत, नवा खांब असेल तर ९० दिवसांत निर्णय द्या. शहरं कोर्टात गेली. नाइन्थ सर्किट या फेडरल अपील कोर्टाने ऑगस्ट २०२० मध्ये सौंदर्याच्या निकषांबाबत शहरांना थोडं दिलं, पण फी आणि मुदती कायम ठेवल्या. सॅक्रामेंटोत जे वाचवलं ते वॉशिंग्टनमध्ये गेलं, तेही कायद्याने नाही, एका आयोगाच्या आदेशाने. म्हणून नुसती काँग्रेसची विधेयकं बघून भागत नाही, फेडरल रजिस्टर हे केंद्राच्या नियम-आदेशांचं गॅझेटही चाळावं लागतं. आणि तिथे लहान शहराकडे माणूसबळ नसतं, त्याची भिस्त नॅशनल लीग ऑफ सिटीजसारख्या संघटनांवर.

फेडरल पातळीवर शहराचं दुसरं मोठं काम म्हणजे आपल्या खासदाराकडून नेमक्या प्रकल्पासाठी पैसे मिळवणं. ही पद्धत दहा वर्षांच्या खंडानंतर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. एखादा पूल, पाण्याची लाइन, अग्निशमन केंद्र असा प्रकल्प वसंतात अर्जासह द्यायचा. पण मार्च २०२५ मध्ये काँग्रेसने पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी वर्षभराचा चालू ठराव (जुनाच खर्च पुढे चालू ठेवणारा) केला आणि त्या वर्षाच्या अशा सगळ्या मागण्या एका फटक्यात गळल्या. त्याच वर्षी म्युनिसिपल बाँडच्या (शहरांच्या कर्जरोख्यांच्या) व्याजावरची करमाफी जाण्याची भीती होती, ती मात्र जुलैच्या कायद्यात शाबूत राहिली. शहरांच्या दृष्टीने हे त्या वर्षाचं सर्वात मोठं यश, आणि वर्तमानपत्रात त्याची चार ओळींची बातमी.

आता तुमच्या विधेयकाकडे. स्टेशनाजवळच्या उंच इमारती म्हटल्यावर २०२५ चं एसबी ७९ आठवतं. लॉस एंजेलिसच्या कौन्सिलने विरोधाचा ठराव केला, कित्येक शहरांनी पत्रं धाडली, तरी ते पास होऊन ऑक्टोबरमध्ये गव्हर्नर न्यूसम यांची सही झाली. मग शहरांची मेहनत पाण्यात गेली का? नाही. वाटेत ते बरंच आकसलं: लोहमार्गाचं जाळं दाट असलेल्या काही मोजक्या काउंट्यांपुरतं (जिल्ह्यांसारख्या विभागांपुरतं) उरलं (आपली सांता क्लारा त्यात आहेच), आणि शहराला स्वतःचा पर्यायी आराखडा करून तेवढीच घरं वेगळ्या प्रकारे बसवायची वाट मिळाली.

तुम्हाला कौन्सिलची भूमिका बदलायची असेल तर पत्र गेल्यावर तीन मिनिटांचं भाषण ठोकण्यात अर्थ नाही. डिसेंबर-जानेवारीत लेजिस्लेटिव्ह प्रोग्रॅमचा विषय अजेंड्यावर येईल तेव्हा जा. सभागृह रिकामं असतं, ऐकून घेतात. ‘घरबांधणीबाबतच्या राज्याच्या प्रत्येक विधेयकाला विरोध’ या अर्थाचं वाक्य असेल तर त्याजागी ‘स्टेशनाजवळच्या विधेयकांची छाननी करून कौन्सिलपुढे आणावी’ असं लिहून द्या, छापलेल्या कागदावर. आपले पाच-सहा शेजारी सोबत न्या. आणि शहराने काहीही म्हटलं तरी तुमचं स्वतःचं पाठिंब्याचं पत्र त्याच पोर्टलवरून जातं. विश्लेषणाच्या शेवटच्या पानावर शहराचं नाव विरोधात आणि तुमच्या रहिवासी मंडळाचं नाव पाठिंब्यात छापलेलं कन्सल्टंटला दिसलं, की आमदाराच्या ऑफिसातून फोन येतो. माझ्या टेबलावर तो अनेकदा आलाय, आणि त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो, की तुमच्याच शहरातली ही माणसं कोण.